उन्हाळ्यातील पाळीव सशांची निगा

उन्हाळ्यातील पाळीव सशांची निगा म्हणजे उष्ण हवामानाच्या काळात घरी पाळलेल्या सशाचे उष्णतेपासून रक्षण करणे, त्याचे अन्नपाणी सांभाळणे आणि बंदिस्त जागेतही त्याच्या धावणे, उकरणे, कुरतडणे व अन्न शोधणे या स्वाभाविक प्रवृत्तींना वाव देणे होय. पाळीव ससा (शास्त्रीय नाव: ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) थंडी बऱ्यापैकी सहन करतो, उष्णता मात्र त्याला झेपत नाही. साधारणतः १५ ते २० अंश सेल्सियस तापमान त्याला मानवते आणि २८ ते ३० अंशांच्या पुढे त्याच्या शरीरावर ताण येऊ लागतो. महाराष्ट्रात मार्च ते जून या काळात बहुतेक ठिकाणी दिवसाचे तापमान या मर्यादेच्या वर असते.

ससा हा निसर्गतः शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असल्याने तो दुखणे लपवतो, ओरडत नाही. निरोगी ससाही उन्हाळ्यातील दुपार निपचित पडून काढतो. त्यामुळे विश्रांती घेणारा ससा आणि उष्माघाताकडे झुकणारा ससा यांतील फरक सहजासहजी लक्षात येत नाही. सकाळ-संध्याकाळच्या थंड वेळी सशाला खेळवणे हे केवळ मनोरंजन नसून त्याची प्रकृती रोज पारखण्याचे साधनही आहे.

नैसर्गिक पार्श्वभूमी

पाळीव सशाच्या सर्व जाती युरोपीय रानटी सशापासून निपजल्या आहेत. या प्राण्याचे मूळ स्थान आयबेरियन द्वीपकल्प, म्हणजे आजचे स्पेन व पोर्तुगाल, हे होय. तेथील उन्हाळाही कडक असतो. परंतु तेथील ससे जमिनीत बिळे खणून कळपाने राहतात. जमिनीखालील तापमान बाहेरच्या मानाने स्थिर असते. ससे दिवसाचा उष्ण भाग बिळात काढतात आणि पहाटे व तिन्हीसांजेला चरण्यासाठी बाहेर पडतात. पिंजऱ्यातील सशाला ही बिळाची सोय नसते. त्यामुळे जे काम निसर्गात बीळ करते, ते घरी पालनकर्त्याला करावे लागते.

भारतात आढळणारा रानससा (लेपस नायग्रिकोलिस) हा वेगळा प्राणी आहे. तो बिळे खणत नाही, उघड्यावर गवतात किंवा झुडपांच्या आडोशाला बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. तो पाळीव सशाचा पूर्वज नाही.

शरीर आणि उष्णता

सशाच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असते. त्याला माणसासारखा घाम येत नाही. घर्मग्रंथी ओठांच्या भागात अगदी थोड्या असतात. कुत्र्याप्रमाणे धापा टाकून शरीर थंड करणेही त्याला फारसे साधत नाही, कारण तो जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो. दाट केसांमुळे आतील उष्णता बाहेर पडण्यास आणखी अडथळा येतो.

उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे कान. कानांची त्वचा पातळ असून तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. उष्णता वाढली की या वाहिन्या रुंदावतात आणि कानांतून वाहणारे रक्त भोवतालच्या हवेमुळे थंड होते. मात्र हवा शरीरापेक्षा थंड असेल तरच हे घडते. हवेचे तापमान ३९-४० अंशांच्या जवळ पोहोचले की कानांचा हा उपयोग संपतो आणि त्यापुढे तेच कान बाहेरची उष्णता शोषू लागतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा केवळ सावली पुरेशी का ठरत नाही, याचे उत्तर यात आहे.

भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश व किनारपट्टीवर किमान ३७ अंश झाल्याशिवाय उष्णतेची लाट जाहीर करण्याचा विचार करत नाही. सशाला धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्यामुळे उष्णतेच्या लाटेचा इशारा येईपर्यंत थांबणे सशाच्या बाबतीत योग्य नाही.

अधिक धोका असलेले ससे

पुढील सशांना उष्णतेचा त्रास लवकर होतो:

- लांब लोकरीच्या जातींचे, विशेषतः अंगोरा ससे. भारतात अंगोरा ससेपालन प्रामुख्याने हिमाचल प्रदेशासारख्या थंड डोंगराळ भागात होते, त्याचे एक कारण हेच आहे.
- लोंबत्या कानांचे व आखूड नाकाचे ससे
- वजन वाढलेले व वृद्ध ससे
- गाभण माद्या (गर्भकाळ सुमारे ३० ते ३२ दिवस) आणि लहान पिल्ले
- श्वसनाचा किंवा दातांचा आजार असलेले ससे

लांब केसांच्या सशांची लोकर उन्हाळ्यापूर्वी कातरावी आणि रोज विंचरावी. आखूड केसांच्या सशाचे केस काढू नयेत; ते उन्हापासून त्वचेचे रक्षणही करतात. केस गळण्याच्या दिवसांत मात्र त्यालाही विंचरावे. सैल झालेले केस अंग चाटताना पोटात जातात आणि पचनक्रिया मंदावलेली असेल तर तेथेच साचतात.

निवारा

उन्हाळ्यात सशाला घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवणे उत्तम. तळमजल्यावरील, उत्तरेकडील किंवा दुपारचे ऊन न येणारी खोली त्यासाठी निवडावी. पत्र्याचे छप्पर, गच्ची, काचबंद गॅलरी व पश्चिमेकडील सज्जा या जागा धोक्याच्या आहेत. पत्र्याखालचे तापमान बाहेरच्या सावलीतील तापमानापेक्षा बरेच वाढते. सकाळी सावलीत असलेला पिंजरा दुपारी उन्हात येतो का, हे दिवसभरातून अनेकदा पाहिले पाहिजे. सशाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीलगत, एक साधा तापमापक ठेवल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही.

थंडावा देण्याचे उपाय हवेतील दमटपणावर अवलंबून असतात.

कोरडी हवा: विदर्भ, मराठवाडा व खानदेशात उन्हाळी हवा कोरडी असते. तेथे पाण्याच्या बाष्पीभवनाने चांगला गारवा मिळतो. वाळ्याचे ओले पडदे, कूलर, खिडकीवर टाकलेले ओले गोणपाट हे उपाय तेथे परिणामकारक ठरतात. मोठ्या तोंडाचा मातीचा माठ आडवा ठेवून त्याची बाहेरची बाजू ओली राखल्यास सशाला बिळासारखी गार जागा मिळते. माठ घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा लावाव्यात.

दमट हवा: मुंबई, कोकण व गोव्यात हवेत आधीच बाष्प भरपूर असल्याने कूलर व ओले पडदे यांचा उपयोग कमी होतो, उलट खोली अधिक कोंदट होते. तेथे हवा खेळती ठेवणे आणि शक्य असल्यास वातानुकूलन यंत्र वापरणे श्रेयस्कर. यंत्राचे तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवले तरी पुरते. थंड झोत थेट सशावर येऊ देऊ नये.

नुसत्या पंख्याने माणसाला बरे वाटते ते घाम वाळत असल्यामुळे. सशाला घाम येत नसल्याने पंख्याचा त्याला तेवढा लाभ होत नाही. त्याचे कान ओल्या हाताने किंचित भिजवले, तर मात्र पंख्याची हवा उपयोगी पडते.

भारनियमनाच्या काळात कूलर व यंत्रे बंद पडतात. अशा वेळी पाणी भरून गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून सशाजवळ ठेवावी. तो तिला टेकून बसतो. बाटली कुरतडली जात नाही ना, हे पाहावे. शहाबादी किंवा कोटा फरशीचा तुकडाही गार राहतो व त्यावर ससे आवडीने पसरतात. तथापि संपूर्ण जमीन गुळगुळीत असू नये. त्यावर पाय घसरतात आणि सतत कठीण वा ओल्या जमिनीवर बसल्याने तळपायांना जखमा होतात. अर्ध्या भागात चटई किंवा गवत अंथरावे.

उन्हाळ्यात घरात आलेल्या कूलर व पंख्यांच्या वायरी हा आणखी एक धोका आहे. ससा वायर दिसताच कुरतडतो. सर्व वायरी उंचावर घ्याव्यात किंवा जाड नळीत घालाव्यात.

पाणी व आहार

सशाला रोज प्रत्येक किलो वजनामागे साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. उन्हाळ्यात ही गरज वरच्या मर्यादेकडे जाते. काही वेळा तीही ओलांडते. जड मातीचे किंवा चिनी मातीचे भांडे सहसा कलंडत नाही आणि त्यातून ससा सहजपणे अधिक पाणी पितो. नळीची बाटली लावली असल्यास तिची गोळी अडकली नाही ना, हे रोज पाहावे. पाणी दिवसातून किमान दोनदा बदलावे. माठातील गार पाणी पुरेसे असते.

आहारात वाळलेल्या गवताचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक असावे. गवतातील तंतूंमुळे आतडी हलती राहतात आणि आयुष्यभर वाढत राहणारे दात झिजतात. भाताचा पेंढा अंथरण्यास चांगला असला तरी पोषणासाठी गवताची जागा घेऊ शकत नाही. गोळी खाद्य किलो वजनामागे २५ ग्रॅमच्या आसपासच असावे. उष्णतेत भूक मंदावते म्हणून मुख्य खाद्य पहाटे व संध्याकाळी द्यावे. पालेभाजी धुऊन ओलीच दिल्यास पोटात पाणीही जाते. परंतु उरलेली भाजी तासा-दोन तासांत उचलावी, कारण उन्हाळ्यात ती लवकर आंबते.

हरळी, तुतीची व पेरूची पाने, जास्वंदीची पाने व फुले, बांबूची पाने, कोथिंबीर व पुदिना हे सशाला चालते. कलिंगड किंवा आंबा यांची बोटाच्या पेराएवढी फोड क्वचित देता येते. साखर अधिक झाल्यास आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा तोल बिघडतो. कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी, कांदा, लसूण आणि बटाटा-टोमॅटोची पाने अपायकारक आहेत. माणसांना थंडावा देणारे ताक, पन्हे किंवा सरबत सशाला देऊ नये.

रंजन

कंटाळलेला ससा पिंजऱ्याच्या सळ्या चावतो, स्वतःचे केस उपटतो, एकाच जागी बसून राहतो किंवा अति खातो. हालचाल थांबली की आतड्यांची गतीही मंदावते. त्यामुळे रंजन हा उन्हाळ्यातील आरोग्याचा भाग मानला जातो.

दिनक्रम: खेळ सूर्योदयाच्या आसपास आणि सूर्यास्तानंतर ठेवावा. रानटी सशाचा चरण्याचा काळही हाच आहे. दुपारी सशाला उठवू नये, उचलू नये, त्याच्यामागे धावू नये. दुपारची झोप हा त्याचा उन्हापासूनचा बचाव आहे.

शोधून खाणे: निसर्गात सशाचा बराच वेळ अन्न शोधण्यात जातो. भांड्यात आयते खाणे वाढण्याऐवजी पुठ्ठ्याच्या पोकळ नळीत गवत कोंबून ठेवणे, गोळी खाद्य गवतात विखरून टाकणे, कोथिंबिरीची जुडी मान उंचावूनच पोहोचेल इतक्या उंचीवर अडकवणे, असे सोपे उपाय करता येतात.

उकरणे: खोल टोपलीत किंवा लाकडी खोक्यात खत न घातलेली माती भरून ती किंचित ओलसर ठेवावी. ससा ती उकरतो आणि नंतर त्याच गार खळग्यात बसतो. मातीऐवजी कागदाच्या पट्ट्याही चालतात. प्लास्टिक व थर्माकोल वापरू नये.

बोगदे व लपण्याच्या जागा: पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारे कापावीत. एकच दार असले तर दुसरा ससा आत आल्यावर पहिल्याला बाहेर पडता येत नाही. चिकटपट्टी व टाचण्या आधी काढून टाकाव्यात. बंद खोक्यात हवा कोंडते म्हणून वरच्या बाजूस भोके पाडावीत.

कुरतडणे: पेरू किंवा तुतीच्या फवारणी न केलेल्या फांद्या द्याव्यात. रंग वा वॉर्निश लावलेले लाकूड टाळावे.

सोबत: ससा कळपात राहणारा प्राणी आहे. एकमेकांशी जमलेली, शस्त्रक्रियेने निर्बीज केलेली जोडी एकट्या सशापेक्षा सुखी असते. परंतु नव्या सशाची ओळख करून देण्यास भर उन्हाळा योग्य नव्हे. मारामारी व धावाधाव यांमुळे दोघांचेही शरीर तापते. जोडीतील प्रत्येकाला स्वतंत्र लपण्याची जागा व पाण्याचे भांडे असावे.

आनंदी ससा हवेत उडी घेऊन अंग वळवतो, किंवा एकदम कुशीवर आडवा होतो. दात हलके घासणे हे समाधानाचे, तर मोठ्याने करकरणे हे वेदनेचे लक्षण असते.

बाहेर मोकळे सोडताना

अंगणात किंवा बागेत सशाला पहाटे अथवा संध्याकाळीच आणि नजरेसमोर सोडावे. तापलेल्या फरशीने तळपाय भाजतात. स्वतःचा तळहात काही क्षण टेकवून पाहणे ही सोपी कसोटी आहे. मांजर, भटका कुत्रा, मुंगूस, घार व साप यांपासून धोका असतो. भक्षक जवळ आल्याच्या नुसत्या भीतीनेही ससा दगावू शकतो, म्हणून केवळ जाळी पुरेशी नसून आत शिरता येईल असा आडोसाही हवा. गच्चीच्या कठड्यातील फटी व पन्हाळीची भोके बंद करावीत.

माश्या आणि परजीवी

उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी माश्या सशाच्या मागील, मलमूत्राने ओल्या झालेल्या भागावर अंडी घालतात. अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात व त्या जिवंत सशाची त्वचा पोखरतात. हा विकार वेगाने बळावतो आणि अनेकदा प्राणघातक ठरतो. स्थूल, वृद्ध किंवा हगवण लागलेला ससा स्वतःचे अंग नीट चाटू शकत नाही. त्याला विशेष धोका असतो.

उपाय म्हणून सशाचा मागील भाग दिवसातून दोनदा तपासावा, पिंजऱ्यातील मलमूत्राचा कोपरा रोज साफ करावा आणि खिडक्यांना बारीक जाळी लावावी. अळी दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरले जाणारे फिप्रोनिल हे औषध सशांना घातक आहे. डांबरगोळ्या, फिनाईल व डासांच्या उदबत्त्या पिंजऱ्याजवळ ठेवू नयेत.

उष्माघात

निपचित पडलेल्या सशाविषयी शंका आल्यास त्याच्या आवडीचे एखादे पान नाकाजवळ धरावे. विश्रांती घेणारा ससा नाक हलवतो, कान फिरवतो, बहुधा पान घेतो. आजारी ससा लक्ष देत नाही. उष्माघाताची लक्षणे अशी:

- कान तापलेले व लालसर दिसणे
- श्वास फार जलद होणे, नाकपुड्या फुलणे
- तोंड उघडून श्वास घेणे (हे अत्यंत गंभीर लक्षण होय)
- तोंड व हनुवटी लाळेने ओली होणे
- तोल जाणे, थरथर, झटके, बेशुद्धी

प्रथमोपचार: सशाला तत्काळ थंड, शांत जागी न्यावे. साध्या गार पाण्याने कान ओले करावेत, पायांखाली ओला टॉवेल अंथरावा आणि पंखा लावावा. पाणी समोर ठेवावे. तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. त्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून आतील उष्णता आतच अडकते आणि प्राण्याला जबर धक्का बसतो. हे करत असतानाच पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. ससा सावरल्यासारखा दिसला तरी तपासणी आवश्यक असते, कारण अंतर्गत अवयवांची हानी नंतर उघड होऊ शकते.

उष्माघात नसतानाही सशाने १० ते १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर आतड्यांची हालचाल थांबल्याची शक्यता असते. ही तातडीची अवस्था आहे. माणसांची औषधे देऊ नयेत. पेनिसिलीन गटातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन तो दगावू शकतो. सर्वच पशुवैद्यकांना सशांच्या उपचारांचा अनुभव असतो असे नाही. म्हणून असा वैद्यक उन्हाळ्यापूर्वीच शोधून ठेवणे हिताचे असते.

सुट्टी आणि प्रवास

महाराष्ट्रात शाळांची दीर्घ सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे सशाला सर्वांत कठीण अशा काळात येते. मुले दिवसभर घरी असल्याने ससा वारंवार उचलला जातो. सशाची हाडे हलकी व मागील पायांचे स्नायू बलवान असतात. धरलेल्या अवस्थेत त्याने जोराने लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. मुलांनी जमिनीवर बसून सशाला आपणहून जवळ येऊ द्यावे. बोगदे बांधणे, पाणी बदलणे, तापमान वहीत नोंदवणे ही कामे मुलांकडे सोपवता येतात.

कुटुंब गावी जाणार असेल तर सशाला शक्यतो घरीच ठेवून विश्वासू व्यक्तीला दिवसातून दोनदा येण्यास सांगावे. केवळ अन्नपाणी भरून ठेवून जाणे योग्य नाही. पाणी सांडल्यास किंवा वीज गेल्यास मदतीला कोणी नसते. प्रवास अटळ असल्यास तो पहाटे करावा आणि खोका हवेशीर असावा. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत सशाला काही मिनिटेही ठेवू नये.

कायदेशीर बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० याच्या कलम ११ नुसार पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हा गुन्हा आहे. उन्हात ठेवलेला पिंजरा व रिकामे पाण्याचे भांडे या गोष्टी त्यामुळे केवळ निष्काळजीपणा ठरत नाहीत.

भारतीय रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्याला पकडणे वा पाळणे बेकायदेशीर आहे. शेतात एकटे बसलेले रानसशाचे पिल्लू बहुधा पोरके नसते. आई त्याला लपवून ठेवते आणि दूध पाजण्यापुरतीच त्याच्याजवळ येते. असे पिल्लू जागेवरच राहू द्यावे; ते जखमी असल्यास वनविभागाला कळवावे.